शंभर पावले लांब

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी पायी फिरत आणि जिथे जायचे तिथे पोचत. ही स्थिती फार काळ टिकत नाही. या जंगलातही टिकली नाही.

जंगलाचा अध्यक्ष होता एक गवा. त्याचे नाव भिवाजीराव. अंगाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याला दुष्ट समजाल. त्याला एवढेच वाटायचे, की पलीकडच्या जंगलातल्या रानडुकरांनी आपल्याकडे पाहिले की त्यांच्या पोटात दुखले पाहिजे.

म्हणून त्याने जंगलासाठी गाडी आणली. गाडीचे नाव झुळूक. ती विजेवर चालायची. धूर नाही, आवाज नाही, आणि आत औषधालाही बटण नाही. पुढे शाळेतल्या फळ्याएवढा एक स्क्रीन होता आणि सगळे त्याच्यात होते. काच खाली करायची तर स्क्रीन. गार हवा हवी तर स्क्रीन. हॉर्न वाजवायचा तर स्क्रीनवर हॉर्नचे चित्र शोधायचे. ते सापडेपर्यंत समोरचा प्राणी आपल्या कामाला निघून गेलेला असायचा.

तुम्ही विचाराल, बटणे का नव्हती? बाळांनो, बटणे साध्या गाडीला असतात. ही गाडी हुशार होती. पूर्वी हुशारी चालवणाऱ्याकडे असायची, म्हणून गाडीला साधे राहणे परवडत होते.

गाडीची पूजा झाली. हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली. सीटवरचे प्लॅस्टिक कधीही काढायचे नाही, असा ठराव झाला. तो मुख्यतः चिटणिसासाठी होता, कारण चिटणीस होता साळिंदर. त्याचे नाव नारोपंत. भिवाजीरावाने गाडी पुढे घेतली, लिंबे चिरडली, टाळ्या पडल्या आणि स्क्रीन काळा झाला.

एक म्हातारी वानरीण म्हणाली, "बंद पडली वाटतं."

"शुभ दिवशी असं बोलू नये, आजी," नारोपंत म्हणाला. "देवापुढचा दिवा विझला असं म्हणतो का आपण? शांत झाला म्हणतो. तसा स्क्रीन शांत झालाय."

त्या दिवसापासून त्या जंगलात गाडी कधीच बंद पडली नाही. ती शांत होई.

भिवाजीरावाने कंपनीला फोन लावला. कंपनीतर्फे एक उदमांजर बोलले. त्याचा आवाज इतका गोड होता, की तक्रार करणाऱ्यालाच अपराध्यासारखे वाटे.

"सर, काळजी करू नका," ते म्हणाले. "गाडीचा कॉम्प्युटर थोडा थकलाय. त्याला झोपू द्या. सगळ्यांनी खाली उतरायचं, दारं लावायची आणि किल्लीचं कार्ड घेऊन शंभर पावलं लांब जायचं. कार्ड जवळ असलं की गाडीला वाटतं, तुम्ही आहात. मग ती झोपत नाही. पाच मिनिटं थांबा आणि परत या. फ्रेश होऊन उठेल."

सगळे शंभर पावले लांब गेले, थांबले, परत आले. स्क्रीन उजळला आणि त्यावर 'सुस्वागतम्' अशी अक्षरे आली. भिवाजीरावाच्या डोळ्यांत पाणी आले. खरे सांगतो, इतक्या आदराने त्याचे स्वागत त्याच्या घरीही होत नसे.

नारोपंताने ही रीत वहीत उतरवून घेतली. तो चिटणीस असल्यामुळे त्याने तिच्यात भर घातली. लांब गेल्यावर गाडीकडे पाठ करून उभे राहावे, कारण कोणी टक लावून पाहत असले तर झोप लागत नाही. बोलू नये. शंभर पावले अध्यक्षांची मोजावीत. आणि कार्ड सगुणाने सांभाळावे.

आता ही सगुणा कोण, ते ऐका. जंगलात एक तळे होते. त्या तळ्यात एक पाणमांजर राहायचे, ती सगुणा. तिला दोन पिल्ले होती. कार्ड तिच्याकडे दिले, कारण खुरांत कार्ड राहत नाही आणि नारोपंताने धरले की त्याला भोके पडतात. सगुणाचे पंजे कामसू होते. कामसू पंजे दिसले की त्यांत काहीतरी ठेवायचे, ही सगळ्याच जंगलांची पद्धत आहे.

आणि एके दिवशी पलीकडच्या रानडुकरांनी त्या तळ्यावर हक्क सांगितला.

तीन टेकड्यांपलीकडे एक वड होता. त्याखाली एक हत्तीण न्यायनिवाडा करायची. तिने निरोप पाठवला: तळे कोणाच्या हद्दीत आहे ते सिद्ध करा. उद्या सूर्य माथ्यावर येईपर्यंत तुमच्याकडचे कोणी आले नाही, तर तळे रानडुकरांचे.

रानडुकरे तळ्याचे काय करतात, ते तुम्हाला माहीत आहे. त्यात लोळतात. आठ दिवसांत पाण्याचा चिखल होतो. चिखलात मासे राहत नाहीत आणि पाणमांजराची पिल्लेही जगत नाहीत. हद्दीचे चार दगड पाण्याखाली होते, आणि ते कुठे आहेत हे फक्त सगुणाला ठाऊक होते. तेव्हा तिला जावेच लागणार होते.

उजाडताच ती भिवाजीरावाच्या दारात उभी राहिली.

"रावसाहेब, आत्ता चालत निघालो तर उन्हं चढायच्या आत पोचू," ती म्हणाली.

"चालत?" भिवाजीराव म्हणाला. "अगं सगुणाबाई, दारात गाडी असताना अध्यक्ष चालत आला, तर ती डुकरं काय म्हणतील? गाडीनं तासाभराचा तर रस्ता आहे. आधी चहा घेऊ."

चहा झाला. मग गाडी पुसली. मग तिघे निघाले. भिवाजीराव चालवायला, नारोपंत त्याच्या शेजारी, सगुणा मागे. प्लॅस्टिकवर नारोपंत हलला की करकर आवाज होई. एरवी गाडी खरेच सुरेख चालली होती. मी उगाच नावे ठेवणार नाही.

पहिली टेकडी चढून होते न होते तोच स्क्रीन शांत झाला.

त्याबरोबर काचा अडकल्या आणि आत गरम हवा सुटली. दार उघडायची खूण स्क्रीनवर होती. ती नसेल तेव्हा ओढायची एक तार पायपुसण्याखाली होती, आणि पायपुसण्यावर भिवाजीराव होता. सगुणाने त्याच्या खुरांमधून हात घालून ती ओढली.

मग रीत पार पडली. अध्यक्षांची शंभर पावले म्हणजे सगुणाची चारशे. तिघे पाठ करून उभे राहिले. पाच मिनिटांनी परतले. स्क्रीन उजळला. 'सुस्वागतम्.' आणि खाली एक प्रश्न: 'नवी सुधारणा आली आहे. आता करू की नंतर?'

"नंतर," सगुणा म्हणाली.

"एवढं अदबीनं विचारतेय तर नाही कसं म्हणायचं?" भिवाजीराव म्हणाला आणि त्याने 'आता'वर खूर ठेवला.

सुधारणेला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात गाडी जागची हलली नाही, पण तिच्यात रंगांची सोय झाली. आता स्क्रीनची कड जांभळी करता येत होती. भिवाजीरावाने ती जांभळी केली. सगुणा खिडकीतून सूर्याकडे पाहत होती.

दुसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी स्क्रीन पुन्हा शांत झाला.

"ही शंभर पावलं निदान वडाच्या दिशेनं टाकू या," सगुणा म्हणाली. "तेवढं तरी पुढं जाऊ."

नारोपंताने वही उघडली. "दिशेचा उल्लेख नाही. पण पुढं चढ आहे, मागं उतार आहे. अध्यक्षांनी चढ का चढावा? शिवाय परत तर गाडीपाशीच यायचंय."

त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. तर्काची हीच तर गंमत आहे, बाळांनो. तो धरून माणूस उताराला लागतो. तिघे घराच्या दिशेने शंभर पावले गेले आणि तळ्याच्या रक्षणासाठी पाठ करून उभे राहिले.

तिसऱ्यांदा स्क्रीन शांत झाला, तेव्हा दुसरी टेकडी संपली होती. सावल्या अगदी पायांशी आल्या होत्या. समोर शेवटची टेकडी तेवढी राहिली होती आणि तिच्यामागे वडाचा शेंडा दिसत होता.

भिवाजीराव आणि नारोपंत सवयीने मागे वळले, पावले मोजत गेले आणि उभे राहिले. सगुणा कार्ड घेऊन पुढच्या बाजूला निघाली. तिला भीती वाटत होती. रीत मोडायची तिला सवय नव्हती. तिने आपली चारशे पावले मोजली. तिथे ती थांबली. मग तिला तिची पिल्ले आठवली, सकाळी पाण्यात मासा धरायला शिकणारी. तिने चारशे एकावे पाऊल टाकले, आणि त्यानंतर मोजलेच नाही.

मागून नारोपंताची हाक आली. "सगुणाबाई, पाच मिनिटं झाली."

ती वळली नाही. पाणमांजराचे पाय आखूड असतात, जमिनीवर त्याला धाप लागते. तरी ती पळाली.

ती वडाखाली पोचली तेव्हा हत्तीण निकाल सांगण्यासाठी सोंड उचलत होती. रानडुकरांचा म्होरक्या हसला.

"तुमचे अध्यक्ष कुठं आहेत?" त्याने विचारले.

"पाठ करून उभे आहेत," सगुणा म्हणाली.

"कुणाकडं?" हत्तिणीने विचारले.

"गाडीकडं."

हत्तिणीने पुष्कळ जंगले पाहिली होती. तिने पुढे काही विचारले नाही. "हद्दीचे दगड सांग," एवढेच म्हणाली.

सगुणाने डोळे मिटले आणि सांगितले. एक उंबराच्या मुळाखाली, त्याच्यावर शेवाळ आहे. दुसरा मधोमध, त्याला चीर पडली आहे, त्या चिरेत खेकडा राहतो. तिसरा आणि चौथा जोडीने, कमळांच्या खाली. रानडुकरांना एकही दगड सांगता आला नाही, कारण लोळणाऱ्याला तळ दिसत नाही. निकाल लागला. तळे वाचले.

सगुणा परत आली, तेव्हा ते दोघे तसेच पाठ करून उभे होते. कार्ड आल्यावर गाडी जागी झाली. 'सुस्वागतम्.' तिघे गाडीत बसून परतले. बातमी कळताच सारे जंगल धावत आले आणि सगळ्यांनी गाडीला हार घातले.

संध्याकाळी सभा झाली. नारोपंताने अहवाल वाचला. "झुळूक या गाडीच्या दौऱ्यात तळ्याचा प्रश्न सुटला. शेवटच्या विश्रांतीच्या वेळी कार्ड नेहमीपेक्षा लांब नेण्यात आल्यामुळे गाडीला पूर्ण झोप मिळाली आणि परतीच्या प्रवासात ती एकदाही शांत झाली नाही."

फोनवरून उदमांजर म्हणाले, "अभिनंदन सर. इतकं चांगलं रीस्टार्ट आमच्याकडेही कुणी केलं नव्हतं. एक सुचवू का? तिचा कॉम्प्युटर उन्हानं तापतो. थंड, सपाट जागी शेड बांधा आणि तिथंच चार्जर बसवा. मग हा त्रास राहणार नाही."

डोंगराळ जंगलात थंड आणि सपाट अशी जागा एकच होती. ती म्हणजे तळे; त्यात थोडी भर घातली की झाले. थोडी म्हणजे निम्म्याहून जास्त.

सगुणा उभी राहिली. "रावसाहेब, याच तळ्यासाठी आपण गेलो होतो ना?"

"म्हणून तर," भिवाजीराव म्हणाला. तो मनापासून बोलत होता, हेच वाईट आहे. "सगुणाबाई, ज्या गाडीनं तुमचं तळं वाचवलं, तिला त्यातली थोडी जागा द्यायला नको? एवढा कृतघ्नपणा बरा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव मंजूर झाला. नारोपंताने त्यात 'एकमताने' असे लिहिले. सगुणाने हात वर केला नव्हता, पण हातात कार्ड असल्यामुळेच तो वर झाला नाही, असे धरले गेले.

आठवड्याभरात भर पडली. उंबराखालचा दगड मातीत गेला, चिरेतला खेकडाही गेला. सगुणाने पिल्लांना जवळ घेतले आणि टेकड्यांपलीकडच्या नदीची वाट धरली. तिला निरोप द्यायला भिवाजीराव मुद्दाम आला. त्याला खरेच वाईट वाटत होते.

"सगुणाबाई, पिल्लं लहान आहेत, वाट लांबची आहे," तो म्हणाला. "गाडीनं सोडतो ना."

सगुणाने कार्ड त्याच्यापुढे जमिनीवर ठेवले.

"नको, रावसाहेब," ती म्हणाली. "आम्हाला पोचायचंय."

तात्पर्य : बाळांनो, गाडी शांत झाली की उतरून चालू लागू नये. जो चालत गेला त्याचे तळे बुजले. जे पाठ करून उभे राहिले, त्यांच्या गाडीला शेड मिळाली. तेव्हा नीट उभे राहायला शिका. चालता तर तुम्हाला येतेच, ते कोणाला कळू देऊ नका.