दोन ताऱ्यांची सोयरीक

गोकुळराव एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते आणि आपला शेरा मारल्याशिवाय त्यांनी आजवर एकही कागद पुढे जाऊ दिला नव्हता. कार्यालय सुटले तरी ही सवय सुटत नसे. मोबाइलच्या नकाशावर त्यांनी शहरातल्या केशकर्तनालयांपासून पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीपर्यंत सर्वांना लायकीप्रमाणे तारे दिले होते. खोटा तारा कधी कोणाला दिला नाही, याचा त्यांना रास्त अभिमान होता. अशा या गोकुळरावांनी लग्नाच्या वाढदिवशी पत्नी दीपमालाबाईंना घेऊन हर्सूलच्या पलीकडे, तलावाच्या काठावरच्या 'हॉटेल सरोवरराज'मध्ये जेवायला जाण्याचे ठरवले.

तलावासमोरचे टेबल मिळावे म्हणून दोघे उन्हे कलताच पोचले. टेबल मिळाले, वारा मिळाला, पाण्यावर उतरणारे बगळेही मिळाले. दीपमालाबाईंनी मावळत्या सूर्यासोबत फोटो काढून घेतले आणि त्या मनापासून खूश झाल्या. मग वेटर आला, "दस मिनिट, सर," म्हणाला आणि सूर्याबरोबरच मावळला. दृश्य होते तेव्हा पनीर नव्हते आणि पनीर आले तेव्हा तलाव अंधारात गडप झाला होता. पनीर चिवट होते, रोट्या गार होत्या, ताजे म्हणावे असे फक्त डास होते. कसेबसे उरकून गोकुळराव हात धुवायला गेले, तर नळ कोरडा.

"पाणी कामून नाय?" त्यांनी वेटरला विचारले.

"टँकर नै आया, सर."

"आरं, समोर येवढा तलाव भरलाय की."

"वो देखने का है, सर," वेटरने समजावले आणि कागदी रुमाल पुढे केला.

घरी येताच गोकुळरावांनी शेरा लिहिला. "नमूद करण्यात येते की, दृश्य समाधानकारक. भोजन विलंबाने व असमाधानकारक. हस्तप्रक्षालनाची सोय निरंक. मालकांनी योग्य ती कार्यवाही करावी." दृश्याला पाच, जेवणाला दोन आणि नळाला शून्य धरून त्यांनी सरासरी काढली. ती दोनच्या किंचित वर जात होती. परंतु अपूर्णांकात तारा देण्याची तरतूद नसल्याने त्यांनी दोन तारे दिले आणि ते शांत झोपले.

सकाळी बिडकीनहून काकासाहेबांचा फोन आला. गोकुळरावांची एकुलती एक मुलगी सोनिया हिचे लग्न काकासाहेबांच्या शिवमशी ठरले होते. सुपारी फुटली होती, मंगल कार्यालय ठरले होते, बस्ता तेवढा बांधायचा होता.

"पाव्हणं, हे काय करून ठिवलंत?" काकासाहेब म्हणाले. "सरोवरराज कोणाचं हाय, ठाव हाय का? आमच्या अंगदचं. शिवमचा सख्खा मामा हाय त्यो. सकाळधरनं त्यानं चहाला तोंड लावलं नाय."

"पण नळाला पाणी नव्हतं हो."

"पाण्याचं काय घेऊन बसलात? शहरात कोणाच्या नळाला रोज येतंय? मामा रुसलाय, पाव्हणं. अक्षदाला उभा ऱ्हात नाय म्हणतोय."

नवरदेवाचा मामा पाठीशी उभा राहिला नाही तरी लग्न कायद्याने होते, पण बिडकीनमध्ये होत नाही. हे ठाऊक असूनही गोकुळरावांनी शेरा काढून टाकण्यास नम्रपणे नकार दिला. दिलेला शेरा खोडता येत नाही, त्रुटींची पूर्तता झाल्यास सुधारित शेरा देता येतो, असे त्यांनी भावी व्याह्यांना कळवले. ही कार्यपद्धती बिडकीनच्या भावकीला पटली नाही आणि तिने जशास तसे उत्तर द्यायचे ठरवले. राहत्या घराला तारे देता येत नाहीत, हे ध्यानात आल्यावर शिवमच्या चुलतभावांनी नकाशावर गोकुळरावांच्या घराची नोंद उपाहारगृह म्हणून केली. दुपारपर्यंत तिथे शेऱ्यांचा ढीग पडला.

"पोहे कोमट." "शेंगदाणे नावाला." "मुलगी पाहायला गेलो तेव्हा हात पुसायला दिलेला टॉवेल ओला निघाला." "मुलीचे वडील प्रश्न फार विचारतात." प्रत्येकाने एक तारा दिला होता, कारण त्याहून कमी देता येत नव्हते. गोकुळरावांना सर्वांत जास्त लागले ते हे की शेरे खरे होते. त्या दिवशी टॉवेल त्यांनीच ओला केला होता.

दीपमालाबाई खऱ्याखोट्यात शिरल्या नाहीत. "माझ्या पोह्याला नाव ठिवतेत? परातभर संपवून गेले तवा बरं कोमट लागले नाय," असे म्हणून त्यांनी थेट कन्नडला, थोरल्या दिरांना फोन लावला.

"तू नको जिवाला लावून घेऊ, बाई," थोरले दीर कारभारी म्हणाले. "आपली भावकी काय मेली का?"

भावकी मेलेली नव्हती. आठवडी बाजाराच्या दिवशी साऱ्या भाऊबंदांना एकत्र गाठून कारभाऱ्यांनी प्रत्येकाच्या मोबाइलवरून पाच-पाच तारे देववले. त्यांतल्या निम्म्यांनी त्या घराचा उंबराही पाहिलेला नव्हता. तरी "ठेचा-भाकर एक नंबर", "मायेने वाढतात", "पुन्हा येणार" असे भरघोस अनुभव गोळा झाले. एका हौशी पुतण्याने तर गेल्या पावसाळ्यात घरासमोरचा नाला तुंबून गल्लीत गुडघाभर पाणी साचले होते, तेव्हाचा फोटो टाकला. पाण्यात मावळतीचे रंग छान उतरले होते. खाली त्याने लिहिले, "जलाशयालगत निवांत भोजन."

रविवारी दुपारी वेरूळ पाहून परतणारे एक कुटुंब गोकुळरावांच्या दारात गाडीतून उतरले.

"तलावाकडचं टेबल मिळेल का?" त्यातल्या गृहस्थांनी विचारले.

गोकुळराव सविस्तर खुलासा करणार होते, पण मागे उन्हाने कोमेजलेली लेकरे आणि एक म्हातारी दिसताच दीपमालाबाई "जेवलात का?" असे विचारून बसल्या. हा प्रश्न एकदा विचारला की आमच्या भागात पुढे काही हातात राहत नाही. मंडळी पिठले-भाकरी खाऊन तृप्त झाली. संध्याकाळी शेरा आला, "जेवण उत्तम. मालक खुर्चीवरून उठत नाहीत. तलाव दिसला नाही. चार तारे." दारात आलेल्या माणसाकडून जेवणाचे पैसे घेणे दीपमालाबाईंना पटेना, त्यामुळे तारे वाढतच गेले. काही रविवारांत गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. गोकुळराव भाकऱ्यांची दुरडी घेऊन बैठकीतून ओट्यावर आणि ओट्यावरून बैठकीत फिरू लागले. एका पाहुण्याने उशीर का होतोय म्हणून विचारले, तेव्हा "दहा मिनिटं, साहेब," असे त्यांच्या तोंडून गेले आणि ते स्वतःच चपापले.

तिकडे सरोवरराजची टेबले रिकामी पडू लागली. आतापर्यंत नुसते रुसलेले अंगदमामा आता पेटले. पोरीचा बाप आपल्या धंद्यावर उठला, एकतर ते घर बंद होईल नाहीतर हे लग्न बंद होईल, असा निरोप त्यांनी धाडला. सोनियाने त्या दिवशी ताट बाजूला सारले आणि ती खोलीत जाऊन बसली. गोकुळरावांनी ते ताट दोनदा गरम करून तिच्या दाराशी नेले.

शेवटी दोन्ही भावक्यांची बैठक सरोवरराजमध्येच, तलावाच्या काठावर भरली. मध्यस्थ म्हणून अप्पाराव आले. पंचक्रोशीतले शेताच्या बांधाचे सगळे तंटे त्यांनीच मिटवलेले होते. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता, त्यामुळे ते निःपक्षपाती आहेत, यावर दोन्हीकडच्यांचे एकमत होते. आधी जेवणे झाली. पन्नास माणसे एक अक्षर न बोलता पनीर चावत होती. अंगदमामांचा डबा तेवढा घरून आला होता, कारण त्यांना बाहेरचे सोसत नसे.

"जेवण कसं हाय?" अप्पारावांनी विचारले.

"झकास," पन्नास जण म्हणाले.

"मग भांडण कशाचं हाय?" अप्पाराव म्हणाले. "ह्यो बांधाचा वाद हाय. तुमी त्येच्यात घुसलात, त्यो तुमच्यात घुसला. दोघंबी मागं सरा."

निवाडा असा झाला. बिडकीनकरांनी आपले शेरे काढून घ्यावेत. गोकुळरावांचे घर नकाशावर 'कायमस्वरूपी बंद' दाखवावे. आणि गोकुळरावांनी सरोवरराजला भरल्या पंक्तीत पाच तारे द्यावेत. गोकुळरावांनी मोबाइल काढला, पण बोट चालेना. हयातभर जपलेली एकच गोष्ट मोडायची होती. त्यांनी पलीकडे बसलेल्या मुलीकडे पाहिले.

"सोने, तुला काय वाटतं गं?"

"पप्पा, हितलं पनीर मलाबी चावत नाय," सोनिया हळूच म्हणाली. "पण शिवम मला आवडतो. आता तुमी ठरवा."

शिवम मान खाली घालून चौथ्यांदा पनीर वाढून घेत होता. तो ते कोणासाठी खातोय, हे गोकुळरावांना कळले. शहरात तारे देण्याजोगी दुकाने पुष्कळ होती, पोर एकच होती. त्यांनी पाचही तारे दाबले.

"आता दोन चांगले शब्द लिव्हा," अप्पाराव म्हणाले. "लिव्हा, हात धुवायची उत्तम सोय."

गोकुळरावांनी डोळे मिटले आणि लिहिले. अंगदमामांना गहिवरून आले. त्यांनी उठून गोकुळरावांना तशाच वरणाच्या हातांनी मिठी मारली, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाचही बोटे पिवळी उमटली.

लग्न थाटात झाले आणि मामा शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत छाती काढून उभे राहिले. घर कायमस्वरूपी बंद असल्याने गोकुळरावांचा गॅस सिलिंडर अजूनही अधूनमधून कोपऱ्यावरून परत जातो. एरवी त्यांचे उत्तम चालले आहे. ते आता दिसेल त्याला पाच तारे देतात आणि त्यांचा स्वभाव फार निवळला, असे सोयऱ्याधायऱ्यांत कौतुकाने बोलले जाते.

त्यांचा तो शेरा सध्या सरोवरराजच्या नावाखाली सर्वांत वर दिसतो. तो वाचूनच परवा तुम्ही सहकुटुंब तिकडे गेलात. पनीरने तुमची दाढ दुखली. तरी घरी येऊन तुम्ही चार तारे दिलेत आणि 'व्ह्यू छान' असे लिहिलेत, कारण तोवर फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाले होते. त्याबद्दल तुम्हाला कोणी दोष देणार नाही. आता ही गोष्ट कशी वाटली, तेही असेच मोकळेपणाने सांगा. फक्त त्याआधी घरात कोणाची सोयरीक जुळायची राहिली आहे का, ते बघून घ्या. लिहिणाऱ्यालाही भाचे आहेत.