सुभेदार इंगळ्यांची तबकडी

सुभेदार इंगळे आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी खिशातून गवंड्याची पाणसळ काढली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. तिच्यातला बुडबुडा जरासा सरकला. तो निरखून पाहत ते म्हणाले, "बाई, तुमचं टेबल अर्धा अंश पश्चिमेला कललंया." मग एक जुनं पोस्टकार्ड मागून घेतलं, त्याच्या घड्या करून टेबलाच्या पायाखाली सरकवलं आणि मगच चहा घेतला. मुलांनो, ते पोस्टकार्ड तुमच्या पणजीने लिहिलेलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आम्ही तेव्हा सांगलीत, विश्रामबागेत नुकते राहायला आलो होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, तुमचे आजोबा कॉलेजात गणित. सुभेदार आमचे शेजारी. मूळचे वडूजचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले. तोफेचं तोंड किती अंश वर करायचं हे ठरवण्यात ज्याचं तारुण्य गेलं, त्याला जगातली प्रत्येक वस्तू कललेली दिसत असावी. त्यांनी आमचा व्हरांडा मोजला, मोरीचा ओटा मोजला आणि भिंतीवरच्या फोटोतल्या माझ्या सासऱ्यांना सरळ केलं. 'बहुतेक', 'साधारण' हे शब्द त्यांना खपत नसत. "अंदाजानं बोलायचं न्हाई, बाई. तोफखान्यात अंदाज म्हंजे गुन्हा." मी आमटीत मीठ अंदाजाने घालते, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

परवा तुम्ही फोनवर म्हणालात, की तुमच्या नव्या गाडीत डोंगर चढताना गाडी किती कलली ते पडद्यावर दिसतं. तसलं यंत्र मी त्या काळी पाहिलेलं आहे. ते सुभेदारांनी घरी केलं होतं, आणि त्यात खोबरेल तेल होतं.

लष्कराच्या लिलावातून त्यांनी एक जुनी जीप आणली. चारही चाकांना जोर देणारी, वर कापडी छप्पर, बाजू उघड्या. आणली ती एकाच कारणासाठी, त्यांच्या पत्नीसाठी. शेवंतावहिनींची कुलदेवी औंधची यमाई, डोंगरावर. गुडघे गेल्यापासून चार वर्षं वहिनींना त्या पायऱ्या चढता आल्या नव्हत्या, आणि दर पौषात त्या आठ-आठ दिवस कोणाशी धड बोलत नसत. डोंगराच्या कच्च्या रस्त्याने जीप वर जाऊ शकली असती. अडचण एवढीच, की वहिनी जीपमध्ये बसायला तयार नव्हत्या. लहानपणी त्यांची बैलगाडी ओढ्यात कलंडली होती. तेव्हापासून गाडी जरा तिरकी झाली, की त्या उतरायच्या गोष्टी करत.

"अगं, कलंडायला पस्तीस अंश लागत्यात," सुभेदार समजावत. "त्या रस्त्याला कुटं बी अठराच्या वर न्हाई. मी सोता मोजून आलोय."

"तुमास्नी अंश दिसत्यात. मला दरीच दिसती," वहिनी म्हणाल्या.

सुभेदारांना हे उत्तर पटलं. वहिनींना अंश दिसले पाहिजेत, एवढंच.

त्यांनी तुमच्या आजोबांचा कोनमापक नेला. एका चपट्या डब्याला काच बसवली. आत अंशांच्या खुणा केलेली तबकडी आणि ओळंब्यासारखा लोंबणारा पितळी काटा. गाडी कलली, की काटा अंश दाखवणार. पण इंजिन सुरू झालं, की काटा भिजलेल्या कुत्र्यासारखा अंग झाडू लागे. त्याला शांत करायला सुभेदारांनी डबा खोबरेलाने भरला, आणि काटा शहाण्यासारखा वागू लागला.

डबा त्यांनी डॅशबोर्डवर बसवला तो चालवणाऱ्यासमोर नाही, शेजारच्या सीटसमोर. तुमच्या आजोबांनी ही चूक त्यांच्या लक्षात आणून दिली. "मला कशाला पायजे?" सुभेदार म्हणाले. "गाडी किती कलली ते माझ्या बुडाला कळतंय."

डिसेंबरात एका सकाळी कॉलनीमागच्या ओढ्याच्या उतारावर चाचणी झाली. वहिनी नजर तबकडीवर लावून बसल्या. काटा शून्यावरून हलला नाही, म्हणून त्याही हलल्या नाहीत. घरी येऊन म्हणाल्या, "लय सपाट रस्ता हाय की!" सुभेदारांनी खुशीत काचेवर टिचकी मारली आणि त्यांचा चेहरा पडला. थंडीने खोबरेल गोठलं होतं. काटा त्यात रुतून बसला होता.

दुसरा कोणी गप्प राहिला असता. सुभेदार स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "अगं, मगाचं शून्य खोटं हुतं."

मग थंडीत न गोठणारं एरंडेल भरून त्याच उतारावर पुन्हा चाचणी झाली. काटा बारावर गेला. वहिनींनी जीप थांबवायला लावली आणि चपला हातात घेऊन लंगडत घराकडे निघाल्या. आमच्या फाटकाशी थांबून म्हणाल्या, "बाई, सांगा ह्यास्नी. देवीला वाटलं तर ती येईल माझ्याकडं. मी काय जायची न्हाई." एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

त्यानंतर पंधरा दिवस सुभेदारांनी काहीही मोजलं नाही. टेबलाखालचं पोस्टकार्ड निसटलं होतं. कललेल्या टेबलावर ते मुकाट्याने चहा पीत. पौष लागला तेव्हा एक दिवस म्हणाले, "बाई, तुमी संगं चला. तुमी असला तर ती बसंल."

"आणि काटा?"

"काट्याचं मी बघतो."

आदल्या दिवशी वडूजला त्यांच्या भावाकडे मुक्काम केला आणि सूर्य उगवायच्या आत निघालो. थंडी चांगलीच होती. मी मागे, वहिनी पुढे, मांडीवर ओटीचं ताट. काटा दोनवर होता, कारण भावाच्या अंगणाला दोन अंशांचा उतार होता, असं सुभेदार म्हणाले. औंधचा चढ लागला. एका वळणावर जीप कलली आणि माझी पिशवी घसरत जाऊन बाजूच्या पत्र्यावर आदळली. काटा दोनवरच.

"किती?" वहिनींनी विचारलं.

"दोन," रस्त्यावरची नजर न काढता सुभेदार म्हणाले.

मी पुढे वाकून पाहिलं. काचेमागे सगळं पांढरं होतं. हिवाळ्यात खोबरेलाची बाटली रोज सकाळी उन्हात ठेवणाऱ्या कोणाही बाईला ते ओळखू आलं असतं. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मागे टेकून बसले.

वर वहिनींनी देवीची ओटी भरली आणि इतका वेळ हात जोडून उभ्या राहिल्या, की पुजारी दोनदा खोकले.

उतरायला लागलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि थेट डॅशबोर्डवर पडत होतं. तेल कडेने पातळ होऊ लागलं. एका वळणावर काटा थरथरला आणि पाचवर गेला. मग आठवर. सुभेदारांनी तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिला असणार, कारण त्यांची मान एकदम ताठ झाली.

वहिनींनी ताटातला प्रसादाचा हिरवा खण उचलला, उलगडला आणि तबकडीवर नीट पसरला. "ऊन लागतंय त्येला," त्या म्हणाल्या. दुसऱ्या हाताने त्यांनी समोरचा लोखंडी दांडा इतका घट्ट धरला होता, की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. दरी त्यांच्याच बाजूला होती.

"आता किती?" त्यांनी विचारलं.

सुभेदारांनी ब्रेक दाबून जीप थांबवली.

"दोन."

"मग गाडी कशाला थांबवलीया?" वहिनी म्हणाल्या. "चला की."