एटीपी: वितळू नये, वाटू नये, वापरू नये

मौल्यवान वस्तू वापरल्याने संपते. सबब ती न वापरणे हाच तिचा सर्वोत्तम उपयोग होय. आमच्या प्रयोगशाळेत हे तत्त्व एटीपीच्या बाबतीत काटेकोरपणे पाळलं गेलं.

एटीपी म्हणजे पेशींची हातखर्ची. जिवंत पेशीतलं जवळपास प्रत्येक काम त्याच्यावर चालतं. दिसायला पिठीसाखर, पाण्यात चटकन विरघळतं. शरीर ते साठवत नाही. बनवतं आणि लगेच उडवतं. (शरीराला व्यवस्थापनाचं शिक्षण नसतं.)

बाटली आली तेव्हा थोरली, म्हणजे आमच्यातली सर्वांत जुनी संशोधक, हरखून गेली. तिचा शेवटचा प्रयोग तेवढ्यावरच अडला होता. काजव्यापासून काढलेल्या द्रव्यात एटीपी टाकायचं; अंधारात उजेड पडला की प्रबंध पुरा. उन्हाळ्यात तिची मुदत संपत होती.

विभागप्रमुखांनी सगळी भुकटी तातडीने पाण्यात विरघळवायला लावली. भुकटी चिमूटभर दिसते, द्रावण भरपूर दिसतं.

"सर, छोट्या नळ्यांत वाटून गोठवूया," थोरली म्हणाली. "सारखं वितळलं-गोठलं की त्यातला जीव जातो."

"वाटण्या झाल्या की घर मोडतं," सर म्हणाले. "एकत्रच राहू दे."

"मग मला थोडं आजच द्या."

"पाहणी समिती येऊन जाऊ दे. उष्टी बाटली बरी दिसत नाही."

समिती आली. बाटली डीप फ्रीजरमधून निघाली, हातोहात फिरली, वितळली, कौतुक झालं, परत आत गेली. मग पाहुणे प्राध्यापक आले. मग सरांचे व्याही आले. (त्यांचा टायरचा धंदा, बाटली सर्वांत जास्त वेळ त्यांनीच धरली.) आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांकडे घरचं माणूस बघतं, तशी थोरली दारात उभी राहून बघायची.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सरांनी मोठ्या मनाने काही थेंब मंजूर केले. दिवे मालवले. थोरलीने थेंब सोडले. आम्ही बराच वेळ अंधाराकडे आदराने पाहत राहिलो.

"दिवे लावा," शेवटी तीच म्हणाली.

रीतसर चौकशी झाली. काजवा दोषी ठरला.

थोरली टेबल आवरत असताना तिच्या आईचा फोन आला. "झालं का गं?"

"हो, संपलं," ती म्हणाली, आणि खण पुसत राहिली.

निरोपाच्या चहाला सर गहिवरले. "इतकी वर्षं राहिली, पण पोरीने विभागाचं काही वाया घालवलं नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सुज्ञ वाचक सरांना हसले असतील. हसून झालं असेल तर टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक काढा, आणि कपाटातल्या त्या काचेच्या कपांतून आज घरच्यांनीच चहा घ्या.

जमत नाही ना? राहू दे. पाहुणे यायचे असतील.