दहा वर्षांत शून्य पेशंट

नियोजन कसं करावं हे मला कोणी शिकवू नये. चौदा वर्षं नोएडाच्या आयटी कंपनीत मी दुसरं काही केलेलंच नाही. दिल्लीतल्या द्वारकेहून नोएडाला जाताना मेट्रोत लोक झोपा काढतात, मी उद्याची यादी करतो. सोसायटीच्या गणपतीचं वेळापत्रकसुद्धा मी रंगीत रकान्यांत केलं होतं. आरती चाळीस मिनिटं उशिरा झाली खरी, पण त्याला गुरुजी जबाबदार होते, रकाने नाहीत!

माझी बायको विनया एका खासगी विद्यापीठात वाचा-भाषा उपचार विभागाची प्रमुख आहे. बोलायला उशीर लागणारी मुलं, अडखळणारे तरुण, पक्षाघातात वाचा गेलेली माणसं, या सगळ्यांना बोलतं करायचं आणि ते काम करणारे विद्यार्थीही घडवायचे, असा तिचा उद्योग. विभागाला खोल्या दोन, शिक्षक तीन आणि उपचारासाठी थांबलेल्यांची यादी अकरा महिन्यांची. विनयाला पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दहा जागा हव्या होत्या. दहा विद्यार्थी आले की यादी निम्म्यावर येईल, असा तिचा हिशेब. कुलगुरूंनी सगळ्या विभागांकडे पुढच्या दहा वर्षांचा आराखडा मागवला होता, आणि जागा मिळणार की नाही ते त्यावरच ठरणार होतं.

तिने आठ पानं लिहून ठेवली होती. मी वाचली. सगळं खरं होतं, मुद्देसूद होतं आणि भयंकर कंटाळवाणं होतं. मी म्हटलं, जरा सजवून देतो. तिने मला फक्त समास सारखे करायला सांगितलं आणि ती गुडगावच्या शिबिराला निघून गेली.

आता माझ्यासारख्या माणसाला रविवारची सकाळ, पोह्यांची बशी आणि लॅपटॉप एवढं मिळाल्यावर तो समासांवर थांबेल का? आमच्या कंपनीत प्रत्येक तक्रारीला तिकीट म्हणतात. तक्रार मिटली की तिकीट बंद. उघड्या तिकिटांचा आलेख उतरत उतरत शून्यावर टेकला की साहेब उभे राहून टाळ्या वाजवतात. मी नववं पान जोडलं. त्यावर झोकदार आलेख काढला: आज पेशंट सहाशे, पाच वर्षांनी दोनशे, दहाव्या वर्षी शून्य. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'आमचं ध्येय: एकही पेशंट शिल्लक नाही.' विनयाला सरप्राइज द्यायचं म्हणून मी तिच्या ईमेलवरून तो आराखडा परस्पर पाठवूनही दिला.

बुधवारी कुलगुरूंचं उत्तर आलं. मी ते विनयाला मोठ्याने वाचून दाखवलं. आराखडा अनुकरणीय होता. विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच एका विभागाने स्वतःच्या समाप्तीची तारीख स्वतः ठरवली होती. पेशंट संपणारच असल्याने नव्या जागांची गरज उरत नव्हती. दहाव्या वर्षी दोन्ही खोल्या हॉटेल मॅनेजमेंटकडे जाणार होत्या. विभागाच्या त्यागाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन.

'अनुकरणीय' वाचेपर्यंत मी छाती फुगवून उभा होतो. 'समाप्ती'वर खाली बसलो.

विनया चिडली की ओरडत नाही. पेशंटशी बोलते तशी बोलते, छोटी छोटी वाक्यं, मध्ये थांबून. "प्रसन्न. नववं पान. कोणी लिहिलं?"

मी म्हटलं, समास सारखे करताना आपोआप तयार झालं असावं.

तेवढ्यात फिजिओथेरपीच्या भानुमती मॅडमचा फोन आला. कुलगुरूंनी आमचा आलेख नमुना म्हणून सगळ्या विभागांना पाठवला होता. लोकांचे गुडघे दुखायचे कोणत्या वर्षी थांबतील ते कळवा, असं मॅडमना विचारलं होतं. कायदा विभागाला भांडणं संपण्याची तारीख द्यायची होती. हा आलेख विनयाचा नाही हे ओळखून सगळे विभागप्रमुख आराखडाकाराचा पत्ता शोधत होते. विनयाने तो दिला नाही. संसारात याहून मोठं प्रेम मला कोणी दाखवलेलं नाही.

शुक्रवारी कुलगुरूंसमोर सगळ्या विभागप्रमुखांची बैठक ठरली आणि आराखडा करणाऱ्यालाही घेऊन या, असा निरोप आला. गुरुवारी विनयाने मला सुट्टी टाकायला लावली आणि विभागातल्या बाकावर नेऊन बसवलं. शेजारी नीरजजी होते. निवृत्त बँक मॅनेजर, पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली होती. चार महिने आठवड्यातून दोनदा येत होते. पहिला शब्द तीन महिन्यांनी आला, तो 'चाय'. बायकोचं नाव चौथ्या महिन्यात आलं, त्यावरून घरी अजून टोमणे चालू आहेत. त्या दिवशीही त्यांनी घाम गाळून "शा... लि... नी" म्हटलं, आणि शालिनीजी हातातली पिशवी तशीच धरून रडल्या. मी विनयाला विचारणार होतो की यांचं तिकीट कधी बंद होईल. नाही विचारलं. मला माझीच लाज वाटली.

शुक्रवारी मी उभा राहिलो आणि सरळ सांगितलं की आलेख चुकला, आणि चूक माझी.

"अच्छा? तो सही कैसा होगा?" कुलगुरूंनी खडू पुढे केला.

आता खडू हातात आल्यावर मी गप्प बसणार का? मी फळ्यावर झोकात वर चढणारी रेघ काढली. सहाशे, दोन हजार, पाच हजार. कुलगुरूंनी शांतपणे विचारलं, यांना जागा दिल्या तर पेशंट वाढणार, म्हणजे हा विभाग लोकांना बरं करतो की आजारी पाडतो? कोणीतरी हसलं. दहा जागा माझ्या डोळ्यांदेखत फळ्यावरून पुसल्या जात होत्या.

विनयाने माझ्या हातातून खडू काढून घेतला. "सर, पेशंट बढ़ेंगे नहीं. वो आज भी हैं, घरों में चुप बैठे हैं. आवाज़ नहीं दे पाते, इसलिए किसी की गिनती में नहीं आते."

कुलगुरूंनी चष्मा काढला आणि थांबलेल्यांची यादी मागवली. अकरा महिन्यांची सगळी नावं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग भराभर ठराव झाले, हात वर गेले, चहा आला.

काल इतिवृत्त हातात पडलं. ठराव पहिला: वाचा-भाषा उपचार विभागाला दहा जागा मंजूर. मी पेढे आणायला पायात चपला सरकवल्या, तेवढ्यात विनया म्हणाली, दुसराही वाच. ठराव दुसरा: यापुढे कोणत्याही विभागाने आपला आराखडा घरातल्या माणसाकडून करून घेऊ नये. एकमताने संमत.

एकमताने! म्हणजे विनयाचा हातही वर होता. आणि आता नीट आठवतंय, ठराव कशाबद्दल आहे हे न विचारता माझाही.