धोंडूकाकांचा निरोप, सगळ्यांच्या बायकांना

धोंडूकाकांना त्या दिवशी संध्याकाळच्या आत बायकोला एवढंच कळवायचं होतं, की ये. प्रेमलाकाकी सुनेच्या बाळंतपणाला मुंबईला गेल्या होत्या. नातू बाळसं धरत होता आणि सून आम्रपाली आता कामावर जाणार होती. त्यामुळे मुलाने, सम्यकने, आईला वर्षभर ठेवून घ्यायचा बेत केला. तिचं रविवारचं परतीचं तिकीट तो आज रद्द करणार होता. काकींनी सकाळी फोन केला. "राहू का? तुम्ही काय ते सांगा."

काका "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. या "बरं"वर त्यांचा अख्खा संसार झाला होता. उमेदीची वर्षं काका मुंबईत गोदीत आणि काकी इथे पालीजवळच्या वाडीत. भीमजयंतीला आणि मे महिन्यात ते घरी येत, चार दिवस राहत, निघताना "येतो" म्हणत. काकी बांधापर्यंत यायच्या आणि तिथेच उभ्या राहायच्या. ते दिवस आता काकांना सारखे आठवत. आता ते पेन्शन घेऊन गावात आले, तर बायको मुंबईत. नशिबाची थट्टा, दुसरं काय.

बोलायला जीभ रेटत नाही म्हटल्यावर काकांनी लिहायचं ठरवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर थेट लिहायची त्यांना धास्ती, कारण चुकून बोट लागलं की अर्धाच मजकूर जाई. म्हणून आधी नोट्समध्ये लिहायचं, मग कॉपी, मग पेस्ट, अशी त्यांची सरकारी पद्धत. चहा गार होईपर्यंत खपून त्यांनी लिहिलं:

"तू गेल्यापासून घर खायला उठतं. चहा दोघांचा होतो, एक कप ओतून देतो. लग्नानंतर पालीच्या स्टँडवर आपली एसटी चुकलेली तुला आठवते का? एका पुडीत कांदाभजी खाल्ली. मिरच्या सगळ्या तू मला दिल्यास आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा हसलीस. तसं हसलेलं खूप दिवसांत ऐकलं नाही. ये."

वाचून त्यांचं त्यांनाच लाजल्यासारखं झालं. त्यांनी मजकूर कॉपी केला आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. काकींचं नाव सगळ्यात वर होतं. बोट टेकणार इतक्यात वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर अजिंक्यचा गुलाबाचं फूल घातलेला 'जय भीम' येऊन पडला. ग्रुप वर सरकला, काकी एक घर खाली गेल्या. चष्मा होता काकांच्या कपाळावर. त्यांनी पेस्ट केलं, पाठवलं आणि सुटल्यासारखे पोफळींना पाणी घालायला गेले.

मंडळात वाडीचे मुंबईत नोकरीला असलेले सगळे पुरुष, आणि त्यांच्या बायका गावाला. या ग्रुपवर स्वतःचं लिहिलेलं आजवर कोणी टाकलेलं नव्हतं, त्यामुळे हेही कुठूनतरी आलेलं असणार असंच सगळ्यांनी धरलं. बाबल्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि अख्खा मजकूर कॉपी करून बायकोला, मालनला, धाडून दिला. त्याचं बघून बाकीच्यांनीही तेच केलं. पुढचं कोणी वाचलं नाही. कॉपी करायला वाचावं कुठे लागतं?

काका पाणी घालून आले. काकींचं उत्तर नव्हतं. "एवढं लिहिलं तरी गप्पच. राहायचंच असेल तिला," ते स्वतःशी म्हणाले आणि पडवीत बसले. फार वाईट वाटलं त्यांना.

तेवढ्यात मालन फोन हातात धरून अंगणात आली. मागे दीप्ती, तिच्या खांद्याला बॅग. तिच्यामागे नवीन लग्न झालेली मनस्वी, डोळे सुजलेले.

"काका, तुमी मोठे. तुमीच न्याय करा," मालन म्हणाली. "आमचा माणूस मला कदी पालीला घेऊन गेला नाय. एसटीत चक्कर येते म्हणतो. मग स्टँडवर भजी कोणाबरोबर खाल्लीन?"

"माझं वेगळंच," दीप्ती म्हणाली. "'ये' म्हणाला म्हणून बॅग भरली. फोन केला तर म्हणतो, खोलीत सात माणसं झोपतात, येतेस कुठे? सात माणसांत घर खायला कसलं उठतं ओ?"

मनस्वी हुंदका देत म्हणाली, "मला तर मिरची चालतच नाय. ही दुसरीच कोणतरी हाय."

काकांनी चष्मा खाली ओढून मालनचा फोन बघितला आणि त्यांना आपलेच शब्द दिसले. "हे बाबल्याने लिहिलेलं नाही," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

"मग कोणी?"

काका पोफळींना परत पाणी घालायला उठले.

"र्‍हाऊदे. काकींना विचारते. वाडीतलं त्यांना सगळं म्हाईत," असं म्हणत मालनने फोन लावला, तोही स्पीकरवर. काका "नको, नको" म्हणेपर्यंत काकींनी उचलला. वाडीतल्या सगळ्या बायकांना हेच आलंय असं सांगून मालनने अख्खा मजकूर वाचून दाखवला.

"काकी, हाव ना?"

"हाय." काकी म्हणाल्या. "बाय, नवऱ्याशी भांडू नको. ती भजी खाणारी मी."

तिघी एकदम काकांकडे वळल्या. काकांना तोंड लपवायला पडवीत एक खांब तेवढा होता, तोही बारीक.

"काका हायत काय तिथे?" काकींनी विचारलं. "वाडीतल्या समद्या बायकांना 'ये' पाठवलंत, मग मलाच कसं नाय? इथे सम्यक तिकीट रद्द करायला मोबाईल घेऊन बसलाय."

"पाठवतो. आत्ता करतो पेस्ट," काका खिडकीत ठेवलेल्या आपल्या मोबाईलकडे धावले.

"ते पेस्टबिस्ट नको. तोंडाने सांगा."

काकांनी एकदा तिघींकडे बघितलं. एकही हलायला तयार नव्हती. मग ते मालनच्या फोनजवळ वाकले.

"ये," ते म्हणाले. "मला तुझ्याशिवाय करमत नाही."

"सम्यक," पलीकडे काकी म्हणाल्या, "ठेव तो मोबाईल."

मनस्वीने डोळे पुसले. दीप्तीने बॅग खाली ठेवली. मालनने मात्र तिथल्या तिथे बाबल्याला फोन लावला. "तो निरोप काकांचा, समजलं मला," ती म्हणाली. "आता माज्यासाठी काय ते तोंडाने सांगा."

बाबल्या म्हणाला, "जरा थांब. धोंडूकाकांना विचारून सांगतो."