अडतीस किलोमीटर मुरूम

डेहणकर काका डांबरी रस्त्यावर पळत नाहीत. सकाळी साडेपाचला हाफपँट, माकडटोपी आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात ते रायपूरच्या गुढियारी भागातल्या आपल्या घरातून निघतात. सायकल हातात धरून, लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखे सावकाश चालत जातात. रेल्वे फाटकापलीकडे डांबर संपून मुरूम सुरू होतो. तिथे ते दोन्ही पाय एकदा जमिनीवर आपटतात, शिट्टी मारतात आणि सायकल तिथल्या चहावाल्याकडे ठेवून पळत सुटतात.

मी एकदा कारण विचारलं.

"डांबर पायाले खोटं बोलते," काका म्हणाले. "मुरूम जसा हाये तसा सांगते. गोटा हाये तं गोटा."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. मूळची नाशिकची. नव्या राजधानीतल्या एका कार्यालयात नकाशे काढायची नोकरी लागली, म्हणून रायपूरला आले. आमच्या कार्यालयासमोरचा रस्ता सहा पदरी, गुळगुळीत आणि बराचसा रिकामा. माझे सहकारी तिथे महागाचे बूट घालून धावायचे. कौतुकाने मी काकांना एकदा तो रस्ता दाखवायला नेलं. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "विमान केव्हा येते?"

काका छत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने बसायचं आणि मागे सुटत जाणारे रूळ बघायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. काकांनी पळणं धरलं. "जिंदगीभर मागं पाहून राहिलो. आता समोरचं पाहतो," असं ते म्हणत. गार्डाचं सामान मात्र सुटलं नव्हतं. शिट्टी, लाल आणि हिरवं निशाण, आणि एक डायरी. पळून आल्यावर डायरीत नोंद व्हायची. 'सुटली ६.०२. कालवा ६.३१. चार मिनिट लेट. कारण, म्हैस.'

आमच्या गल्लीचं डांबरीकरण झालं तेव्हाची गोष्ट. काका घराच्या फाटकासमोर खुर्ची टाकून बसले आणि उठेनात. रोलर थांबला. साहेब आले.

"बाबूजी, विकास हो रहा है," साहेब म्हणाले.

"होऊ द्या ना. माझ्या फाटकापासून दोन हात सोडून होऊ द्या."

दोन तास बोलणी चालली. शेवटी पूर्ण गल्ली काळी आणि डेहणकरांच्या दारासमोर तांबडा चौकोन, असा तह झाला. विमलकाकू रोज त्यावर पाणी शिंपडत. "लोकांच्या दारात रांगोळी, आमच्या दारात मुरूम," एवढंच म्हणत आणि बादली घेऊन आत जात.

त्या वर्षी दिवाळीनंतर काका जिना चढून वर आले. हातात घडी घातलेला नकाशा होता. महानदी ओलांडून, महासमुंदच्याही पुढे, सरईच्या जंगलात लाकूडतोडीचे रस्ते आहेत. सरई म्हणजे साल नावाची झाडं. तोडलेले लठ्ठे, म्हणजे ओंडके, ट्रकने बाहेर काढायला वनखात्याने ते रस्ते केलेत, सगळे मुरमाचे. त्यातला एक रस्ता लाकडाच्या डेपोपासून निघतो आणि बोईरडीह नावाच्या गावाला जाऊन लागतो. अडतीस किलोमीटर. मधे गाव नाही, हॉटेल नाही, मोबाईलला रेंज नाही.

"हा मले करायचा हाये," काका म्हणाले. "तीनदा निघालो. तीनदा गुडघ्यानं दगा देल्ला, वापस आलो. आता तिकडं हत्ती आले. डेपोच्या नाक्यावरचा म्हणते, एकटा सोडणार नाही, दोन माणसं पाहिजे."

"मग?"

"मंग काय? तू हाये ना."

मी तोवर जास्तीत जास्त बस पकडायला पळाले होते. पण त्या नकाशावर माझी नजर गेली आणि मी फसले. अडतीस किलोमीटरच्या त्या रेघेवर आमच्या कार्यालयातल्या नकाशांत काहीच दाखवलेलं नसायचं, नुसता हिरवा रंग. मी हो म्हणाले.

"सायकल एकच," काकांनी बजावलं.

"मी दुसरी घेते की."

"दोन सायकली असल्या का दोघं बी बसून जातीन. पळन कोण?"

त्यांची पद्धत अशी होती. एकाने सायकलवर दोन किलोमीटर पुढे जायचं, सायकल झाडाला टेकवायची, फांदीला लाल निशाण बांधायचं आणि पळत पुढे निघायचं. मागच्याने पळत येऊन निशाण सोडायचं, सायकल घ्यायची, पुढच्याला गाठून मागे टाकायचं, आणखी दोन किलोमीटरवर सायकल ठेवून पळायचं. असं आलटून पालटून. लहानपणी वर्ध्याजवळच्या खेड्यातून काका आणि त्यांचा मोठा भाऊ एका सायकलवर असेच शाळेत जात.

तीन महिने आम्ही सराव केला. उरल्याच्या कारखान्यांमागे, कालव्याच्या कडेने, जिथे मुरूम सापडेल तिथे. उरल्याहून परतलो की आमचे चेहरे एकसारखे काळे असत. पहिल्या आठवड्यात मी दर पाचशे पावलांना थांबायचे. काका मागून सायकलवर येत आणि शांतपणे विचारत, "मृणाल, तू पळून राहिली का चालून राहिली?" डायरीत माझं नाव यायला लागलं. 'मृणाल अकरा मिनिट लेट. कारण, गप्पा.' दुसऱ्या महिन्यात अकराचे सहा झाले. जानेवारीच्या शेवटी एका रविवारी पानावर नुसतंच लिहिलेलं होतं, 'मृणाल राइट टाइम.' कार्यालयातल्या कुठल्याच शेऱ्याने मला इतका आनंद झाला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही जीपच्या टपावर सायकल बांधून पहाटेच निघालो. काकूंनी भाकरी आणि ठेचा दिला. देताना त्या काकांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "या वेळी गुडघा सांभाळा," म्हणाल्या.

डेपोत सरईचे लठ्ठे माणसाच्या दुप्पट उंच रचलेले होते, प्रत्येकाच्या तोंडावर पांढऱ्या रंगात आकडा. नाक्यावरचा माणूस शेकोटीजवळ बसला होता. त्याने काकांना ओळखलं.

"फेर आ गे बबा? ए दारी पहुँचबे?" पुन्हा आलास, या खेपेला पोचशील का, असं तो विचारत होता.

"हव," काका म्हणाले. "दू झन हन." दोघं आहोत.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हत्तींच्या तीन-चार सूचना दिल्या आणि बांबू वर केला. काकांनी हिरवं निशाण दाखवलं. सहा वाजून चाळीस मिनिटं.

पहिले वीस किलोमीटर सोपे गेले असं मी म्हणणार नाही, पण गेले. चढावर मुरूम पायाखालून सटकत होता आणि उतारावर सायकलचं मागचं चाक बाजूला पळत होतं. एकदा लठ्ठ्यांनी भरलेला ट्रक समोरून आला. तो गेल्यावर पाच मिनिटं मला माझे स्वतःचे हातही दिसत नव्हते. एका वळणावर ताजं शेण दिसलं, टोपलीएवढं. त्यानंतरचे दोन किलोमीटर मी आयुष्यात सर्वांत वेगाने पळाले. एकटीने पळत असताना सगळं जंगल शांत असायचं, आणि मग दूर झाडावर काकांचं लाल फडकं दिसायचं. ते दिसलं की पायांना आपोआप जोर यायचा.

सव्विसाव्या किलोमीटरवर एक नाला होता. मी सायकल घेऊन तिथवर आले, तर काका पळत नव्हते. नाल्याच्या अलीकडे एका तोडलेल्या बुंध्यावर बसले होते. पायातले बूट पाण्याकडे, तोंड मात्र आलेल्या रस्त्याकडे.

"काय झालं?"

"गुडघा," ते म्हणाले. हात डाव्या गुडघ्यावर होता. "नाही होत. वापस जाऊ."

मी शेजारी बसले. मलम काढलं. ते म्हणाले, राहू दे. थोड्या वेळाने त्यांनी पाय चोळायला सुरुवात केली आणि माझं लक्ष गेलं.

"काका, आता उजवा चोळताय."

त्यांनी हात काढून घेतला. नाल्यात पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडे रस्ता सरळ चढून जात होता, आतापर्यंतच्या मानाने चांगलाच.

"आधीच्या तीनही वेळा इथूनच परत गेलात?"

"हव."

"का?"

"गुडघा म्हणलं ना."

मला राग आला होता. तीन महिने मी काळं तोंड करून घेतलं होतं, पायाची दोन नखं घालवली होती. आणि मला हेही कळत होतं की या माणसाला काहीतरी दुखतंय, फक्त ते गुडघ्यात नाही. काय दुखतंय ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी उठले आणि सायकल पाण्यात घातली.

"मी जाते. बारा किलोमीटर राहिलेत."

"एकटी?" ते उभे राहिले. "अन् हत्ती? दोन माणसाशिवाय जाता येत नाही. नियम हाये."

"मग या."

छत्तीस वर्षं नियमाने गार्डाची नोकरी केलेला माणूस होता. त्याने एकदा मागे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बूट न काढताच नाला ओलांडला आणि माझ्या हातातून सायकल घेतली. "दोन किलोमीटरवर ठेवतो," म्हणाले.

ते बारा किलोमीटर ते नुसते पुढे जात राहिले. शिट्टी नाही, डायरी नाही. दरवेळी मी पोचायचे तेव्हा सायकल नीट टेकवलेली असायची आणि निशाणाची गाठ मात्र इतकी घट्ट की ती दातांनी सोडवावी लागे.

अडीचच्या सुमाराला बोईरडीह आलं. चाळीसेक घरं, एक शाळा, पिवळ्या रंगाचं आरोग्य उपकेंद्र. आणि चौकात पिंपळाखाली एक बस उभी होती. काचेवर पाटी होती, 'रायपुर'. बसच्या मागे गावातून बाहेर पडणारा काळा कुळकुळीत डांबरी रस्ता.

मी त्या पाटीकडे बघत राहिले.

"काका, इथे बस येते?"

"येते."

"रोज?"

"दोन टाइम," काका म्हणाले. "ते आपल्यासाठी नाही."

उपकेंद्राच्या दारातून परिचारिकेच्या पांढऱ्या कोटातली एक बाई बाहेर आली. तिशीतली असेल. चेहरा थेट विमलकाकूंचा. काकांची मुलगी बाहेरगावी नोकरीला आहे, एवढं मला माहीत होतं. त्या घरात तिचा विषय कुणी काढत नसे. तिचं नाव ज्योती. ती पायऱ्यांवरच थांबली. काका सायकलचं हँडल धरून उभे राहिले, जणू ते सोडलं तर पडतील.

"बसनं नाही आलो," ते म्हणाले.

"माहीत आहे," ज्योती म्हणाली. "आई फोनवर सांगते ना. तीन वर्षांपासून पायी निघालाय तुम्ही." मग एक पायरी उतरत, "तीनदा तुमच्या नावाचा भात लावला होता मी."

बाकीचं मला ज्योतीने विहिरीवर पाणी काढताना सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तिची इथे बदली झाली. इथल्या शाळेतले मास्तर गोंड समाजाचे. त्यांच्याशी तिने लग्न केलं. ते सांगायला ती घरी गेली तेव्हा काका सगळ्या मोहल्ल्यासमोर म्हणाले होते, तुझ्या गावाच्या बसमध्ये मी जन्मात पाय ठेवणार नाही. काकू वर्षातून दोनदा यायच्या. काका त्यांना बसस्टँडवर सोडायचे, बस सुटेपर्यंत उभे राहायचे आणि घरी जायचे.

"बोलले ते बोलले. बाबा शब्द मोडत नाहीत," ती म्हणाली. "मग नकाशात दुसरा रस्ता शोधत बसले. आईनं सांगितलं तेव्हा मला हसावं का रडावं कळेना. नाल्यापर्यंत यायचे म्हणे."

मास्तरांनी अंगणात खाट टाकली होती. शांत, किरकोळ बांध्याचे गृहस्थ. ते आणि काका एकमेकांसमोर बसले. काकांनी बराच वेळ विचार करून विचारलं, "गावाले पाणी बरोबर हाये का?"

"हव बाबूजी," मास्तर म्हणाले.

"बिजली?"

"कभी-कभी."

यावर दोघांनीही मान हलवली. काकांनी भात दोनदा मागून घेतला. तिसऱ्यांदा मास्तरांनी न विचारता वाढला, तोही खाल्ला.

पाचच्या बसने मी परत निघणार होते. चौकात ड्रायव्हरने हॉर्न दिला, तेव्हा काकांचा निरोप घ्यायला मी अंगणात गेले. ते खाटेवर आडवे झाले होते. ज्योती पायथ्याशी जमिनीवर बसली होती. तिने त्यांचे ओले बूट काढले होते, मोजे अंगठ्यांना चिकटले होते ते कोमट पाण्याने भिजवून हलक्या हाताने सोडवत होती. एका नखाखाली रक्त साकळलं होतं. ती कापूस फिरवत होती आणि वाकून फुंकर घालत होती. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं. झोपलेत, अशी खूण केली.

मी खाटेच्या उशाकडे उभी होते, तिला दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. काकांच्या पापण्या मिटलेल्या होत्या, पण थरथरत होत्या, आणि श्वास त्यांनी झोपलेल्या माणसासारखा मुद्दाम लांब ओढून धरला होता. कापूस जखमेला लागला तेव्हा त्यांचे ओठ आवळले गेले, पाय मात्र तसूभरही हलला नाही.

मी पाऊल न वाजवता बसकडे गेले.