गयाबाई वारासिवनीकर

मेश्रामकाका माणसाचं तोंड नंतर पाहतात, आधी पायजम्याची उजवी मोहरी पाहतात. तिथं चेनच्या ग्रीसचा काळा डाग दिसला की तो माणूस त्या दिवशी रक्त न देता घरी जातो.

"सायकलवर आले ना?"

"हौ."

"मंग वापस जा. दोन दिवस पायी हिंडा, तिसऱ्या दिवशी या."

हा छळ सगळ्यांचा नाही, फक्त पीएसएच्या तपासणीला आलेल्या पुरुषांचा. बालाघाटच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काका सगळ्यात जुने टेक्निशियन आणि मी त्यांच्या हाताखालची, तिरोडीहून आलेली. पीएसए हा प्रोस्टेटच्या कॅन्सरचा सुगावा देणारा रक्तातला पदार्थ, म्हणजे ट्यूमर मार्कर. पण सायकलच्या सीटनं प्रोस्टेट दबली तरी तो वाढू शकतो, आणि फुकटचा वाढलेला आकडा काकांना खपत नाही. रामपायलीच्या एका शेतकऱ्याला त्यांनी असंच परत पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी बिचारा बसनं आला, पण सायकल बसच्या टपावर टाकून. "जातानी तं चालवू देसान ना?" त्यानं विचारलं. काकांनी थोडा विचार करून परवानगी दिली.

काकांच्या लेखी मार्कर म्हणजे मोहल्ल्यातला चुगलखोर. "चुगली करते, पन खरीच करते असं नाही," ते मला शिकवत. "कॅन्सरवाल्याची करते, बिडी ओढनाऱ्याची करते, कधी खोकलनाऱ्याची बी करते. म्हनून आधी इचारायचं, मंग टोचायचं." आणि खरोखर ते इतकं विचारत, की लग्नाच्या बोलणीलाही एवढी चौकशी होत नसेल. कोणी घाबरून रिपोर्ट हातात धरून उभा राहिला की काकांचं ठरलेलं वाक्य यायचं, "एकटा आकडा खोटा बोलते. तीन-चार संग आले का मंग खरं सांगतात. डॉक्टरले दाखवा, आनखी एकदा पाहू."

एकदा बिरसाकडचे एक म्हातारबा आले. त्यांनी खिशातून लाल रंगाचं मार्कर पेन काढून टेबलावर ठेवलं. "डॉक्टर साहब बोले, खून का मार्कर लेके आओ," ते म्हणाले. "दुकानवाला पूछा कौन सा रंग. मैं बोला, खून का बोले हैं तो लाल ही दे दो."

मी हसले. हसले म्हणजे तोंडावर ओढणी धरून आतल्या खोलीत पळाले. काका हसले नाहीत. त्यांनी म्हातारबांच्या पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी शोधून काढली, रक्त घेतलं आणि त्याच लाल पेनानं ट्यूबवर त्यांचं नाव लिहिलं. "बराबर लाए दादा. इसी से काम होता है." म्हातारबा ताठ मानेनं गेले. मला मात्र दिवसभर बोलणी बसली. आता बारकोडचे स्टिकर आलेत, तरी काका आधी लाल पेनानं नाव लिहितात, मग त्यावर स्टिकर लावतात.

असा हा चौकस माणूस. त्यामुळे गयाबाई वारासिवनीकर हे प्रकरण मला कळेचना.

दर तीन महिन्यांनी काका ही ट्यूब स्वतः घरून आणत. सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर. बाईंचा ना पत्ता, ना फोन. बरं, वारासिवनी गाव इथून जवळच, पण हे असलं आडनाव आमच्या जिल्ह्यात मी तरी कोणाचं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी काका मशीनला हात लावत नसत. "तू लाव, पोरी," म्हणत आणि व्हरांड्यात जाऊन बसत. मी आतून आकडा सांगायची. सतरा. पुढच्या वेळी एकोणीस. मग अठरा. पस्तिसाच्या आत असला की ठीक. काका तो आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवत आणि त्या दिवशी मला समोसा मिळे.

या खेपेला एक्केचाळीस आला.

मी व्हरांड्यात जाऊन सांगितलं. काकांनी चिठ्ठी लिहिली, लाल पेनानंच, आणि पेनाचं टोपण लावायला विसरले. त्यांचं ते ठरलेलं वाक्य मी वाट पाहूनही आलं नाही. समोशाचं तर नावच नको. पुढचे दोन दिवस मोहऱ्यांवर ग्रीसचे डाग घेऊन माणसं बिनधास्त रक्त देऊन जाऊ लागली. शेवटी मीच दारात उभी राहून सायकली मोजायला लागले.

तिसऱ्या दिवशी मेश्रामकाकी लॅबमध्ये आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या आणि हातात धुवायला काढलेला काकांचा शर्ट.

"कोन हाये थे गयाबाई?" त्यांनी भर लॅबमध्ये विचारलं.

काका टेस्टट्यूबच्या स्टँडमागे जेवढं लपता येईल तेवढं लपले.

"खिशात चिठ्ठी सापडली! गयाबाई वारासिवनीकर, एक्केचाळीस. लाल शाईनं लिहून ठेवलं! या वयात तुमाले एक्केचाळीस वर्साची बाई पाहिजे? अन् थे बी माह्याच माहेरची?"

बाकावर बसलेले दोन पेशंट आपापली दुखणी विसरून पुढे सरकले. मीही सरकले, खोटं कशाला बोलू.

"वय नोहे थे," काका पुटपुटले. "आकडा हाये."

"कायचा आकडा?"

"तुहा."

मग अडखळत अडखळत सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी नागपूरला काकींचं अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांना खरं नाव ठाऊक होतं, लॅबमध्ये कोणालाच नाही. "टोचतानी नाही कापत हात," काका म्हणाले. "पन मशीनवर 'कुसुम' दिसलं का कापतात. कापत्या हाताचा टेक्निशियन काय कामाचा? म्हनून कुसुमले घरी ठेवतो अन् गयाबाईले इथं आनतो."

काकी काकांच्या टेबलापाशी गेल्या.

"अन् म्या पंधरा दिवस निमोनियात खोकलून राह्यलती, थे सांगितलं का डॉक्टरले?"

काकांनी स्टँडमधली सरळच असलेली ट्यूब आणखी सरळ केली.

"साऱ्या जिल्ह्याले इचारता सायकल चालवली काय, बिडी ओढली काय. मले काहून नाही इचारलं?"

"खोकला तुले होता," काका अगदी बारीक आवाजात म्हणाले. "गयाबाईले कोठं होता?"

आधी बाकावरचा पेशंट हसला. मग काकी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, आणि मग नुसतंच पाणी येत राहिलं. त्यांनी ते त्याच शर्टाला पुसलं.

डॉक्टरांनी महिनाभर थांबून पुन्हा तपासायला सांगितलं. निमोनियामुळं वाढला असेल, म्हणाले, पण नक्की आत्ताच सांगता येत नाही. तो महिना काकांनी कसा काढला ते मी पाहिलंय. मशीन बरोबर मोजते की नाही हे पाहायची कंट्रोलची ट्यूब त्यांनी रोज सकाळी दोन-दोनदा लावली.

महिन्यानं काकी स्वतः आल्या. काकांनी रक्त घेतलं, लाल पेन उघडलं आणि ट्यूबवर 'ग' काढायला घेतला. काकींनी पेन हिसकावलं आणि स्वतःच लिहिलं, मोठ्या अक्षरात, कुसुम मेश्राम.

"आता लावा. तुमीच."

काकांनी ट्यूब लावली. हात कापत होते. मी पुढे झाले नाही. तासाभरानं आकडा आला, तेव्हा ते मशीनकडे पाठ करून उभे होते.

"वाच, पोरी."

"एकवीस."

"आकडा मंग. आधी नाव वाच."

"कुसुम मेश्राम."

"हौ. आता आकडा."

"एकवीस, काका."

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले, मग चष्मा पुसला, मग परत डोळे. आणि सवयीनं बोलून गेले, "एकटा आकडा खोटा बोलते. तीन महिन्यानं आनखी पाहू."

"पाहू ना," बाकावरून काकी म्हणाल्या. "मी कोठं जाऊन राह्यली?"